कुंडीतला गांजा आणि दहा वर्षांची सजा

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला पीक आणि दिवसमान यांचे नाते कोणी शिकवावे लागत नाही. हळवे, निमगरवे आणि गरवे भात ही त्याची वर्गवारी मुळात कालावधीची आहे. जुन्या गरव्या जाती दिवस आखडू लागले म्हणजे निसवत. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी लोंबी आपल्या वेळेलाच बाहेर पडे. पुढे १९६६ साली आय.आर.-८ सारखी बुटकी भाते आली. त्यांना दिवसाच्या लांबीचे सोयरसुतक नव्हते. ठराविक दिवस भरले की ती फुलत.

नेमका हाच फरक गांजाच्या दोन जातींत आहे. भांगेचे झाड दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्न्वा याने १९१२ च्या सुमारास दाखवून दिले होते. उलट रशियात रानोमाळ उगवणारी एक खुजी जात केवळ वयाने फुलते. यानिशेव्स्की या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तिला ‘रुडेरॅलिस’ असे नाव दिले. उत्तरेकडचा उन्हाळा आखूड असतो. दिवस लहान होण्याची वाट पाहत बसली असती तर ती थंडीत गारठून गेली असती. तिचा हा गुण अलीकडच्या संकरकारांनी मादक जातींत उतरवला आणि आपोआप फुलणारे, कमरेएवढे, तीनएक महिन्यांत आयुष्य पुरे करणारे झाड तयार झाले.

लोधिवलीच्या आकाशाखाली या गुणाचे वस्तुतः काही प्रयोजन नाही. येथे ऐन जूनमधला दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. पण मुंबई-पुणे रस्त्यावरच्या या गावात आणि आसपासच्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्या आहेत, नव्या इमारतींतल्या सदनिका आहेत, आठवड्यातून दोन दिवस उघडणारी शेतघरे आहेत. बंद खोलीत, दिव्याच्या प्रकाशात, शेजाऱ्याच्या नजरेआड वाढणारे ठेंगणे झाड हे शेतीचे नव्हे, खोलीचे पीक आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी वेळोवेळी उद्ध्वस्त केलेली गांजाची शेते निराळी आणि एखाद्या तरुणाने कपाटात ठेवलेली कुंडी निराळी, हे कोणाच्याही लक्षात येईल. कायद्याच्या मात्र ते लक्षात आलेले नाही.

अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ सालचा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येप्रमाणे ‘कॅनाबिस’ प्रजातीचे कोणतेही झाड हे गांजाचे झाड ठरते. मादक असो, तागासारखे धाग्याचे असो वा रशियातले खुजे असो, भेद नाही. आठव्या कलमाने त्याच्या लागवडीला बंदी आहे आणि विसाव्या कलमाने त्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. झाडे किती, हा प्रश्न कायदा विचारीत नाही.

याच्या शेजारीच दुसरी तरतूद आहे, आणि खरी विसंगती तेथे आहे. २००१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. व्यसनी आणि व्यापारी यांना एकाच दांडक्याने मारू नये, हा तिचा हेतू होता. त्यासाठी मादक द्रव्याच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचा साठा ‘अल्प’ आणि वीस किलोंच्या वरचा ‘व्यापारी’ मानला जातो. अल्प साठ्याला आज एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. पण या पायऱ्या बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांना लागू झाल्या, लागवडीला नाहीत. म्हणजे तस्कराकडून नऊशे ग्रॅम गांजा विकत घेणारा फार तर वर्षभर आत जाईल आणि त्याच्या टोळीला पैसा न देता एक रोप वाढवणारा दहा वर्षांच्या छायेखाली येईल. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून मुक्त करणारे ६४-अ हे कलमही सेवनाच्या आणि अल्प साठ्याच्या गुन्ह्यांपुरते आहे. कुंडीवाल्याला तो दरवाजा बंद!

दहा वर्षे ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. न्यायाधीश थोडकी शिक्षा देऊ शकतो. व्यापारी साठ्याच्या प्रकरणांत असते तशी जामिनाची कडेकोट अटही येथे नाही. परंतु वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षा निकालाच्या दिवशी सुरू होत नाही. ती अटकेच्या दिवशी सुरू होते. परीक्षा, नोकरी, पारपत्र, चारित्र्याचा दाखला या सर्वांना पुढची काही वर्षे टांगून ठेवण्यास नुसता खटला पुरेसा असतो.

आणि तो एकटाच अडकतो असेही नाही. पंचविसाव्या कलमानुसार आपल्या घरात वा खोलीत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणारा मालक किंवा कब्जेदार त्याच शिक्षेस पात्र होतो. मुलाच्या खोलीतले झाड पाहून ‘जाऊ दे, परीक्षा झाल्यावर बोलू’ म्हणणारा बाप या व्याख्येत सहज बसू शकतो.

झाडाच्या अवयवांबाबत मात्र हाच कायदा कमालीचा सूक्ष्म आहे. गांजा म्हणजे फुलोरा आणि फळे धरलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. याच आधारावर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फुलोऱ्याविना सापडलेल्या हिरव्या पानांच्या प्रकरणात अटकपूर्व जामीन दिला होता. (महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे, ही गोष्ट अलाहिदा.) भांगेचे बी तर २०२१ पासून अन्न म्हणून रीतसर मान्य झाले आहे. ते बी चटणीत घातले तर आहार, कुंडीत टाकले तर दहा वर्षे!

या देशाने हा विषय यापेक्षा अधिक शांतपणे हाताळल्याचा दाखला आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला. त्याने अकराशेंहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, परवाना, कर आणि नियंत्रण हवे, असा निष्कर्ष काढला. सरकारचा डोळा महसुलावर होता, हे खरेच. पण आयोगाने मोजून-मापून, अतिसेवन आणि मितसेवन वेगळे काढून विचार केला होता. सरसकट बंदी आली ती १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे पालन म्हणून.

तेव्हापासून जग हलले आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला त्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठाने २०१८ मध्ये प्रौढाने खासगीत, स्वतःपुरती केलेली लागवड गुन्ह्यातून वगळली. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढास घरी तीन झाडांची मुभा दिली. याउलट थायलंडने २०२२ मध्ये दार सताड उघडले आणि २०२५ मध्ये वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून बरेचसे लोटून घेतले. घाईने सैल केलेला कायदा पुन्हा आवळावा लागतो.

गांजा निरुपद्रवी आहे, असा येथे दावा नाही. बंद खोलीत निवडक बियाण्यापासून काढलेला फुलोरा जत्रेतल्या चिलमीपेक्षा कितीतरी जहाल असू शकतो आणि कोवळ्या वयातील सततचे सेवन मनोविकाराचा धोका वाढवते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणी-अहवालानुसार देशातील सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा वा चरस यांपैकी काही ना काही घेत होते. सदनिकांत दिवे लावून विक्रीसाठी पीक काढणारेही आहेत आणि त्यांच्यासाठी सध्याचा कायदा फार कडक आहे असे म्हणता येणार नाही. पण म्हणूनच झाडांची संख्या मोजणे अगत्याचे आहे. संसदेने २००१ मध्ये वजनाला जी पायरी लावली तीच लागवडीला लावावी: दोन-तीन झाडांपर्यंत आणि विक्रीचा पुरावा नसेल तर अल्प साठ्याइतकीच शिक्षा, आणि उपचाराचा ६४-अ चा मार्ग खुला. बंदी आहे तेथेच राहील. बदलेल ते विसाव्या कलमातील एक उपखंड आणि ६४-अ मधील काही शब्द; दुरुस्तीचा मसुदा एका पानात मावेल.