आधी रिपोर्ट, मग पथ्य

आजारी माणसाला भेटायला जाताना आमच्या सांगलीत शहाळं नाहीतर मोसंबी नेतात. माझी किडनी अधू झाल्याचं नात्यात कळलं, तशी दोन्ही घरात येऊन पडली. सोबत सल्लेही आले: पालकाचं सूप घे, खजूर खा, डाळ साफ बंद कर, मिठाऐवजी सैंधव वापर. सगळे मायेनं सांगत होते. पण अंगात ताकद यावी म्हणून आपण जे देतो, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. तिची शक्ती कमी झाली की ते रक्तात साठू लागतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, रिपोर्ट आणलाय ना?" माझा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, 38 होता. ही आजाराची तिसरी स्टेज. आणि पोटॅशियम 5.6, म्हणजे वाढलेलं. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्याही तपासल्या. स्टेज तीच, पण पोटॅशियम 4.4 असतं, तर माझं केळं कुणी काढून घेतलं नसतं. म्हणूनच मोबाइलवर फिरणाऱ्या 'किडनीच्या पथ्या'च्या याद्यांचा मला राग येतो. डायलिसिसवरच्या माणसाची यादी भलताच कुणी पाळतो आणि उगाच खंगत जातो.

स्वयंपाक घरात मीच करते, त्यामुळे खरी परीक्षा ओट्यापाशी. दिवसभरात मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठही धरायचं. आमच्या कांदा-लसूण चटणीतही कुटतानाच मीठ पडतं. आता माझ्यापुरती बिनमिठाची बरणी वेगळी असते. भाजीत मीठ घालायच्या आधी माझी वाटी काढून ठेवते, वरून लिंबू पिळते, लसणाची फोडणी देते. सैंधव म्हणजेही सोडियमच. 'लो सोडियम' मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. माझ्यासारखीला ते धोक्याचं.

बटाटा सोडावा लागेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. पोटॅशियम पाण्यात उतरतं. बटाटा सोलायचा, पातळ काप करायचे, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम शून्य होत नाही, पण बरंच कमी होतं. अख्खा बटाटा सालीसकट कुकरला लावला तर हा फायदा मिळत नाही. होळीला पुरण शिजवताना हेच डोळ्यांसमोर आलं. हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी निथळलं की त्यातलं बरंच पोटॅशियम कटात जातं. म्हणजे माझ्यासाठी पुरणापेक्षा कटाची आमटी जड! ती मला जीव की प्राण. सणाला चार घास घेते, वाटी भरून नाही. दुधी, दोडका, कोबी, सफरचंद यांचा मात्र आता घरात राबता आहे.

डाळ पूर्ण बंद करायला बाईंनी साफ नकार दिला. डायलिसिस सुरू नसताना किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. माझं वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम मिळतात. 48 ग्रॅमपेक्षा फार कमी प्रथिनं खाल्ली तर स्नायू झिजतात. डायलिसिस सुरू झालं की उलट प्रथिनं वाढवावी लागतात. फॉस्फरसच्या भीतीनंही डाळ सोडायची गरज नाही. डाळी-कडधान्यांतलं शरीरात कमी शोषलं जातं. कोला आणि डबाबंद मांसाच्या पदार्थांत वरून घातलेलं जवळजवळ सगळं शोषलं जातं.

आणि कोकणात ज्याला कर्मर म्हणतात, ते स्टारफ्रूट किडनीच्या रुग्णानं तोंडातही घालू नये. त्यातलं विषारी द्रव्य अधू किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते थेट मेंदूवर परिणाम करतं. झाडपाल्याची औषधं, भस्मं आणि अंगदुखीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

परवाच्या तपासणीत पोटॅशियम 4.9 आलं. बाईंनी आमटीत अर्धा टोमॅटो घालायची मुभा दिली आहे; पुढच्या रिपोर्टनंतर ती राहील की जाईल, ते तेव्हा ठरेल.