फौजेतला इलेक्ट्रिशियन आयटी सपोर्टमध्ये कसा येतो?

आजचा प्रश्न फौजेतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त होणाऱ्या जवानांचा: चाळिशीच्या आत घरी आलो, आता कॉम्प्युटर सपोर्टमध्ये जमेल का?

जमेल. कारण अर्धं काम तुम्हाला येतंच. फॉल्ट शोधताना तुम्ही आधी सप्लाय बघता, मग वायरिंग, मग मशीन. इथंही तेच. पीसी चालू होत नाही? सॉकेटला 230 व्होल्ट आहेत का बघा, मग एसएमपीएसमधून 12, 5 आणि 3.3 व्होल्ट मिळतात का ते. नेट नाही? आधी केबल, मग आयपी. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

उरलेलं अर्धं शिकायचं: विंडोज, नेटवर्किंग आणि वैतागलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं. डीजीआरचे, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स निवृत्तीआधीच करता येतात. घरी येईपर्यंत थांबू नका.

खरी अडचण वेगळीच असते. सुरुवातीचा पगार कमी आणि साहेब वयानं लहान. पेन्शन हाताशी असेल तर हा काळ निभावतो, पण मनाची तयारी आधीच हवी.

पुढच्या सुट्टीत एक जुना पीसी पूर्ण खोला आणि परत जोडा. तिथूनच सुरुवात. भेटूया पुढच्या भागात!