दोन हजार मीटर खालचा हिशेब

समुद्रातलं तेल म्हटलं की मुंबईकराला ठरलेलं चित्र दिसतं: जुहूहून उडणारं हेलिकॉप्टर, समुद्रात पाय रोवून उभा असलेला पोलादी प्लॅटफॉर्म, त्याच्या टोकाशी भडकलेली ज्योत आणि चौदा दिवस कामावर, चौदा दिवस घरी असणारे शेजारचे काका. बॉम्बे हायसाठी हे चित्र खरं आहे. 1974मध्ये 'सागर सम्राट' रिगनं तिथं तेल शोधलं, 1976मध्ये उत्पादन सुरू झालं. पाणी जेमतेम पाऊणशे मीटर, त्यामुळे तळावर सांगाडा उभारून सगळा पसारा पाण्याच्या वर मांडता आला. विहिरीचं तोंडही वरच. काही अडलं तर माणूस पाना घेऊन तिथं पोचतो.

आंध्रात काकिनाड्यासमोर, बंगालच्या उपसागरात रिलायन्स आणि बीपीचं 'आर क्लस्टर' नावाचं वायुक्षेत्र आहे. डिसेंबर 2020पासून तिथून गॅस येतो आहे. पाणी दोन हजार मीटरांहून खोल. वरून होडी गेली तर नुसता समुद्र दिसेल. सगळं सामान तळावर आहे. प्रत्येक विहिरीच्या तोंडावर झडपांचा मोठा संच, ज्याला या धंद्यात 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. विहिरींचा गॅस एकत्र करणारा मॅनिफोल्ड, तिथून निघालेली पाइपलाइन आणि शेजारून जाणारी 'अम्बिलिकल' नावाची जाड केबल. हिच्या पोटातूनच वीज, संदेश, झडपा हलवणारा द्रव आणि रसायनं खाली जातात. दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबानं तिथला दाब दोनशेपट. पाणबुडे साधारण तीनशे मीटरपर्यंत कामाला उतरतात. त्याखालचं काम आरओव्हीचं, म्हणजे जहाजावरून चालवायच्या यंत्रमानवाचं.

इतक्या खोलात विहिरीची दुरुस्ती करायची तर ड्रिलिंगचं जहाजच आणावं लागतं आणि त्याचं भाडं दिवसाला लाखो डॉलरांत जातं. म्हणून इथं चुकीची किंमत प्लॅटफॉर्मवरच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त, आणि बहुतेक निर्णय तर पहिला थेंब वर येण्याआधीच घ्यायचे असतात.

कागदावर पर्याय मोजकेच असतात. तळावरच्या विहिरी लांब पाइपनं आधीच्या प्लॅटफॉर्मला जोडायच्या, ज्याला 'टाय-बॅक' म्हणतात. किंवा एफपीएसओ आणायचं: तेल-वायू-पाणी वेगळं करणारं आणि तेल साठवणारं, नांगरून ठेवलेलं जहाज. किंवा मधे काहीच न ठेवता थेट किनारा गाठायचा. हा तिसरा मार्ग नॉर्वेनं 2007मध्ये दोनदा करून दाखवला. स्नॉव्हिट क्षेत्राचा गॅस 143 किलोमीटरच्या पाइपमधून हॅमरफेस्टजवळच्या बेटावर येतो. ऑर्मेन लांगेचा सुमारे 120 किलोमीटरवरून न्यहाम्नाला येतो, तोही आठ हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड दरडीनं ओबडधोबड झालेल्या तळावरून. समुद्रावर एकही खांब नाही.

मग सगळीकडे असंच का करत नाहीत? कारण पाइपमधून काय वाहतं यावर बरंच अवलंबून असतं. गॅसला भूगर्भातला दाब स्वतःच ढकलतो. पण तळाचं पाणी तीन-चार अंशांवर असतं. गॅसबरोबर आलेल्या पाण्याचा तिथं गॅसशी मिळून 'हायड्रेट' बनतो. दिसायला बर्फ, काडी लावली तर पेटणारा, आणि दाब जास्त असेल तर शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानालाही घट्ट होणारा. त्याची गुठळी पाइपात अडकली तर क्षेत्रच बंद. उपाय म्हणजे विहिरीच्या तोंडाशीच ग्लायकॉल सोडायचं, ते गॅसबरोबर किनाऱ्यावर आणायचं, पाणी काढून शुद्ध करायचं आणि परत खाली पाठवायचं. म्हणजे गॅस आणणाऱ्या पाइपशेजारी ग्लायकॉल नेणारा दुसरा पाइप आला. आराखड्यांची तुलना करताना हा पाइप आणि किनाऱ्यावरचा ग्लायकॉलचा कारखाना जो विसरतो, त्याच्या कागदावर लांबचा टाय-बॅक नेहमीच स्वस्त दिसतो.

तेलाचं दुखणं वेगळं. काकिनाड्यासमोरच्याच भागात ओएनजीसीच्या केजी-डीडब्ल्यूएन-98/2 या गटातलं तेल मेणाळ आहे. गार झालं की पाइपच्या भिंतीला मेण धरतं. म्हणून तिथं पाइपात पाइप घातला, आतल्यातून तेल आणि दोहोंच्या मधे उष्णतारोधक थर, थर्मासच्या बाटलीसारखा. भारतात हे पहिल्यांदाच झालं. तेल जवळच उभ्या केलेल्या एफपीएसओवर जातं. 2016मध्ये मंजुरी देताना पाच अब्ज डॉलरांचा खर्च आणि मार्च 2020मध्ये पहिलं तेल, असं ठरलं होतं. पहिलं तेल आलं 7 जानेवारी 2024ला. दोन पर्यायांची तुलना करताना दोघांच्याही नावापुढे सगळं वेळेवर होईल असं गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते तुलनेच्या तक्त्यातला सगळ्यात लबाड रकाना हाच. दहा टक्के व्याजदरानं धरलं तर दहा वर्षांनी हाती येणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत 39 रुपयेच होते. तेव्हा चार वर्षांचा उशीर नफ्याचा केवढा लचका तोडतो, हे वेगळं सांगायला नको.

पण खोल समुद्रातल्या नियोजनाचा खरा धडा रिलायन्सच्या केजी-डी6 या गटात, म्हणजे आर क्लस्टर ज्यात आहे त्यातच आहे. 2002मध्ये तिथं धीरुभाई-1 आणि 3 ही वायुक्षेत्रं सापडली. 2004च्या आराखड्यात दिवसाला चार कोटी घनमीटर गॅस आणि 2.39 अब्ज डॉलर खर्च होता. 2006मध्ये तो बदलून आठ कोटी घनमीटर झाला, पहिल्या टप्प्याचा खर्च 5.2 अब्जांवर गेला. खोल पाण्यात विहिरी, उथळ पाण्यात नियंत्रणाचा प्लॅटफॉर्म, गाडीमोगा गावात प्रक्रियेचा कारखाना आणि सगळं आठ कोटींच्या मापाचं. एप्रिल 2009मध्ये गॅस आला. 2010मध्ये उत्पादन सहा कोटींच्या थोडं वर गेलं आणि तिथून घसरलं. साठ्याचा अंदाज सुमारे दहा ट्रिलियन घनफुटांवरून तीनच्या आसपास आला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली, भूगर्भ गुंतागुंतीचा निघाला, असं कंपनी म्हणाली. ठरल्याइतक्या विहिरी खणल्याच नाहीत, असं सरकार म्हणालं. वापरातच न आलेल्या क्षमतेचा खर्च कंपनीला वसूल करू द्यायचा का, हे भांडण लवादापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2020मध्ये ही क्षेत्रं बंद झाली.

एवढं ऐकून कोणीही म्हणेल, फसलेला आराखडा. मीही निम्मं तसंच म्हणेन: थोड्या विहिरी आधी चालवून पाहायच्या, जमीन काय सांगते ते ऐकायचं आणि मग पुढचे पाइप टाकायचे, हा सावकाश मार्ग एकाच आकड्यावर केलेल्या तुलनेत नेहमी मागे पडतो, कारण शिकण्याची किंमत त्या आकड्यात कुठे मांडलेलीच नसते. पण गोष्ट इथं संपली नाही. जुनं क्षेत्र बंद पडलं त्याच वर्षाच्या शेवटी आर क्लस्टर सुरू झालं ते सुमारे साठ किलोमीटर लांबच्या, उथळ पाण्यातल्या त्याच जुन्या प्लॅटफॉर्मला जोडून. 2021मध्ये सॅटेलाइट क्लस्टर आलं. 2023मध्ये आलेल्या एमजे क्षेत्राचा दाब आणि तापमान दोन्ही चढे, शिवाय गॅसबरोबर कंडेन्सेट म्हणजे हलकं द्रव इंधनही येतं, म्हणून तिथं मात्र एफपीएसओ लागलंच. तिन्ही मिळून दिवसाला तीन कोटी घनमीटरांच्या घरात गॅस देऊ लागली. जी क्षमता हिशेब तपासणाऱ्यांना वायफळ वाटली होती, तिच्यामुळेच पुढची क्षेत्रं परवडली. मात्र हा फायदा 2006च्या कागदावर कोणी लिहिला नव्हता, त्यामुळे त्याचं श्रेय तेव्हाच्या नियोजनाला देणं मला जड जातं.

आता उरतो तक्त्याचा शेवटचा रकाना, आवरासावरीचा. बंद पडलेली विहीर सिमेंटनं बुजवावी लागते, त्यासाठी पुन्हा तेच महागडं जहाज आणावं लागतं. आराखडा निवडताना हा खर्च पंचवीस वर्षांपुढे असतो आणि दहा टक्के दरानं त्यातल्या दर शंभर रुपयांचे नऊच उरतात. त्यामुळे कमी विहिरींचा पर्याय आणि दुप्पट विहिरींचा पर्याय या रकान्यात जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्यक्ष बुजवायची वेळ येते तेव्हा मात्र बिल पूर्ण शंभराचं येतं.