लिनक्स अपडेट केलं आणि दुकानाची सेटिंग गेली? आधी हे वाचा

उबुंटू किंवा लिनक्स मिंटवर बिलिंग करणाऱ्यांचा हा प्रश्न हमखास येतो. अपडेट केलं आणि दुसऱ्या काउंटरवरून बिलांचं शेअर केलेलं फोल्डर दिसेना. मे महिन्यात, हापूसच्या पेट्या घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं असताना हे झालं, तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

आतलं गणित असं आहे. लिनक्समध्ये प्रिंटर, फोल्डर शेअर करणारं सांबा, अशा बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत असतात आणि त्या 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. उबुंटू, मिंट यांचा पाया डेबियन (आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्ससुद्धा त्यावरच). डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्राम अशा फायलींच्या मूळ प्रतीचा एक ठसा, म्हणजे चेकसम, नोंदवून ठेवतो. अपडेटच्या वेळी तो तीन गोष्टी ताडून बघतो: पॅकेजसोबत आधी आलेली फाइल, तुमच्याकडे आत्ता असलेली आणि नवीन आलेली. तुम्ही हात लावला नसेल तर नवीन फाइल गुपचूप बसते. तुम्ही बदल केलाय, पण नवीन फाइल आधीसारखीच आहे, तर तुमचीच राहते. दोन्हीकडे बदल असेल तरच तो थांबून विचारतो.

लोक फसतात ते इथे. इंग्रजीत प्रश्न आला की घाईघाईत 'वाय' दाबायचं, ही सवय! 'वाय' म्हणजे "पॅकेजची नवीन फाइल बसव". 'एन' म्हणजे "माझीच ठेव", आणि नुसतं एंटर मारलं तरी तेच होतं. 'डी' दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो. माझं म्हणाल तर आधी 'डी', मग निर्णय. सांबाच्या फाइलसाठी हाच प्रश्न मेनूच्या रूपात येतो.

'वाय' दाबून बसला असाल तरी घाबरू नका. जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये 'डीपीकेजी-ओल्ड' असं शेपूट लावून ठेवलेली असते. सांबाची असेल तर शेपूट 'यूसीएफ-ओल्ड'. फेडोरावाल्यांना मात्र कोणी विचारत नाही. कधी नवीन फाइल 'आरपीएमन्यू' नावाने बाजूला पडते, कधी तुमचीच 'आरपीएमसेव्ह' होते. दोन्ही नावं शोधा.

हे सगळं ईटीसीपुरतं हं. 'यूएसआर' फोल्डरमधली फाइल थेट बदलली असेल, तर पुढचं अपडेट न विचारता ती पुसतं आणि जुनी प्रतही राहत नाही. सर्व्हिसची सेटिंग बदलायची तर 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा. तुमचा बदल ईटीसीत वेगळ्या छोट्या फाइलमध्ये राहतो, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

दुकानाच्या मशीनवर अपडेट रात्री शटर ओढल्यावरच करा, आणि पावसाळ्यात इन्व्हर्टर चार्ज आहे ना ते बघून. त्याआधी अख्खं ईटीसी एका टार फाइलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर घ्या. त्यात पासवर्डच्या फायलीही येतात, तेव्हा तो पेनड्राइव्ह गल्ल्याशेजारी न ठेवता घरी कपाटात ठेवा.