मान सावरण्याच्या आधी

सकाळी ८.३० : जिल्हा रुग्णालयातल्या या डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला सगळे डीईआयसीच म्हणतात. मी इथली फिजिओथेरपिस्ट. गाद्या पुसून घेते आणि आज येणाऱ्या बाळांचे थायरॉइडचे (टीएसएच, टी-४) रिपोर्ट वाचते. जन्मतः थायरॉइड हार्मोन कमी असलेल्या बाळाला आधी त्याची गोळी लागते, व्यायाम त्यानंतर. हे हार्मोन नसेल तर मेंदूची वाढ खुंटते, स्नायू ढिले राहतात. मग मी कितीही कसरत करून घेतली तरी ती अपुरीच.

९.३० : पाच महिन्यांची मुलगी. निदान उशिरा, तिसऱ्या महिन्यात झालं. हात धरून उठवलं की मान मागे राहते. या वयात ती अंगाबरोबर यायला हवी. आजी म्हणतात, "लई शहाणं लेकरू, रडायचंच नाही." लक्षण नेमकं तेच होतं. जोडीला सततची झोप, घोगरा आवाज, कडक शी, लांबलेली कावीळ. आईचं हार्मोन वारेतून थोडं मिळालेलं असतं, त्यामुळे जन्मताना बाळ बहुधा ठणठणीतच दिसतं. घरच्यांना कळणार कसं?

छातीखाली चादरीची गुंडाळी ठेवून तिला पालथं घालते, समोर खुळखुळा वाजवते. डोकं जरासं उचललं, थरथरलं, टेकलं. पुन्हा उचललं! आईला सांगते, "ताई, थोडा थोडा वेळ, पण दिवसातून बऱ्याचदा करा. दमली की थांबा."

११.०० : गोळीचा धडा. दोन चमच्यांमध्ये चुरायची, अंगावरच्या दुधाच्या चार थेंबांत कालवून लगेच पाजायची. बाटलीभर दुधात टाकायची नाही. दूध उरलं की औषधही उरतं. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब चार तासांच्या अंतराने. हे सगळं मी आईकडून करवून घेते.

१२.३० : आठ महिन्यांचा मुलगा. याची गोळी पहिल्या पंधरवड्यातच सुरू झाली. आधाराशिवाय बसतो, खेळणं या हातातून त्या हातात घेतो. वडील विचारतात, "मॅडम, आता बंद करू का?" अजिबात नाही. तीन वर्षांपर्यंत तर नाहीच. पुढचं डॉक्टर तपासून ठरवतील. बाळ वाढतं तसा डोसही बदलतो, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही.

३.०० : बाळंतिणींचा वॉर्ड. थायरॉइडच्या तपासणीसाठी जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. "एवढ्याशा जिवाला सुई कशाला?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीजवळ बसते. लवकर डिस्चार्ज असेल तरी घरी जाण्याआधी नमुना द्या, आणि रिपोर्टसाठी मोबाइल नंबर बरोबर लिहा, हे बजावते.

४.३० : न आलेल्यांना फोन. मान, बसणं, चालणं यांतली राहून गेलेली बरीचशी कसर आम्ही भरून काढू शकतो. बुद्धीच्या वाढीचे गेलेले महिने मात्र पूर्ण परत मिळत नाहीत. म्हणून टाचेची तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात, प्रत्येक बाळाची व्हायलाच हवी.