संगणकावर शेतीचे दप्तर कसे लावावे?

शेतीचा कागद आता पुष्कळदा संगणकातूनच जन्माला येतो. सातबारा व आठ-अ चे उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतात. माती परीक्षणाचा अहवाल, पीक विम्याची पावती, खताचे बिल, मिरचीची हिशेबपट्टी, पिकाचे छायाचित्र हे सर्व फाईलच्या रूपात घरात येते. नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावातही मुलामुलींच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक किंवा लॅपटॉप आता घरोघरी दिसू लागला आहे. परंतु बँकेत कर्जाचे प्रकरण असते किंवा नुकसानीच्या पंचनाम्यासाठी पथक बांधावर येते, तेव्हा हवा तो कागद सापडत नाही. कागद संगणकात असतो, पण कोठे आहे व कोणत्या नावाने आहे हे कोणालाच आठवत नाही. थोडी शिस्त लावल्यास ही अडचण टाळता येते.

फाईल व फोल्डर म्हणजे काय?

फाईल म्हणजे एक कागद किंवा एक छायाचित्र. फोल्डर म्हणजे असे कागद ठेवण्याची पिशवी. एका फोल्डरच्या आत दुसरे फोल्डर ठेवता येते. उतरवून घेतलेली फाईल बहुधा ‘डाऊनलोड्स’ या फोल्डरमध्ये पडते. ‘डाऊनलोड्स’ म्हणजे घराचा ओटा समजावा. माल तेथे उतरवायचा असतो, साठवायचा नसतो. कापूस, बियाणे व कीटकनाशक एकाच कोपऱ्यात न ठेवता आपण जशी वेगळी जागा करतो, तशीच जागा येथेही करावी.

मांडणी कशी करावी?

शेतीचे कागद दोन प्रकारचे असतात. काही जमिनीबरोबर राहतात, तर काही हंगामाबरोबर संपतात. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा व माती परीक्षण हे जमिनीचे कागद होत. बियाण्याचे बिल, मजुरीचा हिशेब, विमा व विक्रीची पट्टी हे हंगामाचे कागद होत. मांडणी याच भेदावर करावी.

१) ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘शेती’ नावाचे एकच मुख्य फोल्डर करावे. त्यासाठी मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून ‘न्यू’ व नंतर ‘फोल्डर’ निवडावे.

२) त्यात ‘जमीन’, ‘हंगाम’, ‘बँक व योजना’ आणि ‘छायाचित्रे’ अशी चार फोल्डरे करावीत.

३) ‘जमीन’मध्ये प्रत्येक गटाचे वेगळे फोल्डर करावे. नाव जिल्ह्यावरून न देता गट क्रमांकावरून द्यावे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या उताऱ्यांवर जिल्हा धुळे असतो व फार जुन्या कागदांवर पश्चिम खानदेश असा उल्लेख आढळतो. जिल्ह्याप्रमाणे लावल्यास एकाच शेताचे कागद तीन ठिकाणी विखुरतील. जुन्या कागदावर सर्व्हे नंबर असल्यास तो फाईलच्या नावात लिहावा, पण फाईल आजच्या गटाच्या फोल्डरमध्येच ठेवावी.

४) ‘हंगाम’मध्ये ‘२०२४-२५’, ‘२०२५-२६’ अशी वर्षे व त्यात पिकाचे नाव ठेवावे. खरिपात लावलेल्या मिरचीची तोडणी नवे इंग्रजी वर्ष लागल्यावरही चालू असते. म्हणून कागद ज्या महिन्यात मिळाला त्यापेक्षा लागवड ज्या हंगामात झाली, त्या वर्षात तो ठेवावा. तरच त्या पिकाचा खर्च व उत्पन्न एकत्र दिसेल.

फोल्डरच्या आत फोल्डर करीत फार खोल जाऊ नये. तीन-चार पायऱ्यांत कागद हाती यावा.

नाव कसे द्यावे?

डॉसच्या काळात नावाला अवघी आठ अक्षरे मिळत. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हापासून लांब नावे देता येतात. तरीही काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिली अडचण सातबाऱ्याचीच येते. विंडोज संगणकावर फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. ‘७/१२’ असे नाव टंकित केल्यास संगणक ते स्वीकारत नाही. प्रश्नचिन्ह, फुली, विसर्गासारखे दोन टिंब व अवतरणचिन्हही चालत नाही. म्हणून ‘सातबारा’ असे अक्षरी लिहावे. तारखेतही तिरकी रेघ न वापरता आडवी रेघ वापरावी.

नावात काय, कोठले व केव्हाचे या तिन्ही गोष्टी याव्यात आणि तारीख आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी. उदाहरणार्थ, समजा गट क्रमांक ४५ आहे, तर

२०२५-०४-१८ माती परीक्षण गट ४५

असे नाव द्यावे. वर्ष आधी लिहिल्याने नावाच्या क्रमाने लावलेले कागद आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिल्यास निरनिराळ्या वर्षांतील एक तारखेचे कागद शेजारी शेजारी येतात. तीन-चार वर्षांचे माती परीक्षण अहवाल असे ओळीने आले, की सामू, सेंद्रिय कर्ब व स्फुरद वाढले की घटले हे पाहता येते व खताची मात्रा अंदाजाने देण्याची वेळ येत नाही.

शब्दही एकाच पद्धतीने लिहावेत. आपल्या जिल्ह्याचे नाव कोणी ‘नंदुरबार’, तर कोणी ‘नंदूरबार’ लिहितो. माणूस दोन्ही ओळखतो, पण शोध घेताना संगणक ऱ्हस्व व दीर्घ वेगळे धरतो. मराठी व इंग्रजी आकडे मिसळल्यानेही असाच घोटाळा होतो.

नाव बदलण्यासाठी फाईल एकदा निवडून ‘एफ २’ ही कळ दाबावी. नाव बदलल्याने आतील मजकूर किंवा उताऱ्यावरील डिजिटल स्वाक्षरी बदलत नाही. मात्र नावाच्या शेवटी ठिपका व ‘पीडीएफ’सारखी अक्षरे दिसत असल्यास ती तशीच ठेवावीत. ती बदलल्यास फाईल नीट उघडत नाही.

हलविणे, नक्कल व पुसणे

फाईल हलविताना ‘कट’ व ‘पेस्ट’ वापरावे. तसे केल्याने जुन्या जागी काही उरत नाही. ‘कॉपी’ व ‘पेस्ट’ केल्यास दोन्हीकडे फाईल राहते. तोच उतारा पुन्हा उतरविल्यास नावापुढे कंसात एकचा आकडा येतो. अशा प्रती साठल्या, तर त्यांतील ताजी कोणती हे कळत नाही. म्हणून फाईल उतरविल्याच दिवशी नाव देऊन जागेवर ठेवावी.

पुसलेली फाईल प्रथम ‘रिसायकल बिन’मध्ये जाते व तेथून ‘रिस्टोअर’ करून परत मिळते. पेन ड्राईव्हवरून पुसलेली फाईल मात्र बहुधा तेथे जात नाही.

मोबाईलवरील छायाचित्रांबाबतही दक्ष राहावे. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविल्यास त्याचा दर्जा घटतो आणि त्यात नोंदलेली मूळ वेळ व जागा निघून जाते. गारपिटीचे किंवा पपईवरील विषाणू रोगाचे छायाचित्र पुरावा म्हणून किंवा निदानासाठी हवे असल्यास ते केबलने संगणकात घ्यावे किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

दुसरी प्रत हवीच

बियाणे सगळे एकाच कणगीत ठेवत नाहीत. विजेचा दाब कमी-जास्त होऊन, व्हायरस शिरून किंवा हार्ड डिस्क बिघडून सर्व दप्तर एका दिवसात जाऊ शकते. म्हणून महिन्यातून एकदा संपूर्ण ‘शेती’ फोल्डरची नक्कल पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी. ती वस्तू संगणकाला जोडून न ठेवता वेगळ्या जागी ठेवावी. काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करावे.

एक चूक येथे हमखास होते. डेस्कटॉपवरील ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात लहान बाण असतो, तो ‘शॉर्टकट’ असतो. ती केवळ वाटेची पाटी असते, खरा कागद नव्हे. शॉर्टकटची नक्कल घेऊन बँकेत गेल्यास तेथे काहीच उघडणार नाही. म्हणून नक्कल घेतल्यावर पेन ड्राईव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातील दोन-तीन फाईली उघडून पाहाव्यात.

सुरुवात कशी करावी?

जुना सर्व पसारा एकाच बैठकीत आवरू नये. प्रथम फक्त सातबारा, आठ-अ, चालू हंगामाचा विमा व शेवटचा माती परीक्षण अहवाल एवढे चार कागद नाव देऊन जागेवर ठेवावेत. पुढे आठवड्यातून पंधरा मिनिटे काढून ‘डाऊनलोड्स’ रिकामे करावे. मांडणी कशी आहे ते घरातील दुसऱ्या एका माणसालाही समजावून सांगावे. संगणक मुलगा हाताळतो व तो नेमका शिक्षणासाठी नाशिकला गेलेला असतो, अशा वेळी घरच्यांना विमा पावती सापडली पाहिजे. मूळ दस्त, खरेदीखत व सही-शिक्क्याच्या प्रती मात्र टाकून देऊ नयेत. संगणकातील प्रत शोधण्यास सोयीची असते, पण मूळ कागदाची जागा ती घेत नाही.