मातृवंशाचे घड्याळ

आपल्या दावणीला खिल्लार गाय आहे आणि तिच्याशेजारी जर्सी गाय बांधली आहे, असे क्षणभर मनात आणा. एकीच्या खांद्यावर वशिंड आहे, दुसरीची पाठ सपाट आहे. तरी दोहोंच्या वंशांचा संकर होतो आणि वासरेही चांगली निपजतात. मग या दोन गोवंशांचे मूळ एकच का? माणसाने एकाच मुलखात रानटी गुरे माणसाळवली आणि पुढे ती पांगून निरनिराळी झाली, असे पूर्वी पुष्कळ अभ्यासक मानीत. हा प्रश्न सोडवायला जे साधन उपयोगी पडले, त्याची ओळख आज करून घेऊ.

पेशीच्या केंद्रकात डीएनए असते, हे आपण ऐकून आहात. ते निम्मे आईकडून, निम्मे बापाकडून येते. पण केंद्रकाबाहेर, अन्नातून शक्ती मोकळी करणारे जे बारीक कण असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांचेही स्वतःचे थोडेसे डीएनए असते, असे १९६३ साली दिसून आले. सस्तन प्राण्यांत ते आईकडूनच मिळते. गावठी गाईला जर्सीचे रेतन केले, पुढे तिच्या कालवडीला आणि त्या कालवडीच्या कालवडीलाही तसेच करीत गेलो, तर रंग बदलेल, दूध बदलेल. पण तंतुकणिकांतले डीएनए त्या पहिल्या गावठी गाईचेच राहील!

आता हे डीएनए म्हणजे एक पोथी समजा. गाईच्या या पोथीत १६,३३८ अक्षरे आहेत. ती १९८२ साली वाचून झाली. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत आणि उतरवताना एखादे अक्षर चुके. पुढची नक्कल त्या चुकीसकट होई. एका पोथीच्या दोन नकला दोन गावांना गेल्या, तर शंभर वर्षांनी त्यांत जितके पाठभेद सापडतील, त्यावरून त्या केव्हा वेगळ्या झाल्या याचा अंदाज करता येतो. मात्र दर पिढीत किती चुका होतात, हे माप हाती हवे.

हे माप घेण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९७९ साली कॅलिफोर्नियात वेस्ली ब्राउन, मॅथ्यू जॉर्ज आणि ॲलन विल्सन यांनी केला. माणूस व माकडे यांची तुलना करता त्यांना आढळले की, तंतुकणिकांतले डीएनए केंद्रकातल्या डीएनएच्या ५ ते १० पट वेगाने बदलते. दोन वंश वेगळे होऊन १० लाख वर्षे झाली, की शंभर अक्षरांमागे सुमारे २ अक्षरांचा फरक पडतो.

मग काय, घड्याळ सापडले म्हणून ते जो तो कोणत्याही प्राण्याला लावू लागला. पण सगळ्यांचे घड्याळ एका गतीने चालत नाही. ज्या अक्षरांच्या बदलाने प्राण्याचे फारसे बिघडत नाही, ती अक्षरे फ्रान्समधील संशोधकांनी २००८ साली शेकडो सस्तन प्राण्यांत तपासली. सर्वांत वेगवान वंशांत अशी अक्षरे सरासरीने १० ते २० लाख वर्षांत बदलून जातात. सर्वांत मंद वंशांत त्याला सुमारे १० कोटी वर्षे लागतात. म्हणजे फरक दुपटी-तिपटीचा नाही, जवळजवळ शंभरपटीचा! उंदरांच्या काही कुळांत वेग फार, देवमाशांत कमी. झटपट पिढ्या उलटणाऱ्यांच्या नकला जास्त होतात, हे एक कारण. आणि दीर्घायुषी प्राण्यांत या डीएनएची नासधूस कमी होत असावी, हे दुसरे. तेव्हा देवमाशाचे माप उंदराला लावणे म्हणजे बिघ्याने जमीन मोजून एकराचा भाव लावणे होय.

आता आपल्या गाईकडे वळू. १९९४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी युरोप, आफ्रिका व भारत येथील १३ जातींच्या गुरांचे हे डीएनए ताडून पाहिले. सरळ दोन गट पडले. भारतीय गुरे एकीकडे, युरोप-आफ्रिकेची दुसरीकडे. फारकतीचा काळ निघाला किमान २ लाख वर्षे, कदाचित १० लाखही. गुरे माणसाळली ती तर सुमारे १० हजार वर्षांपूर्वी. घड्याळ दोन-चार पटींनी चुकले असे धरले, तरी २ लाखांचे १० हजार होत नाहीत. म्हणजे हे वंश रानातच वेगळे झाले होते, आणि माणसाने ते दोनदा, दोन ठिकाणी माणसाळवले. वशिंडाची गुरे माणसाळली ती सिंधू खोऱ्याच्या परिसरात, असे पुराव्यांवरून दिसते.

आणखी एक गंमत. आफ्रिकेतल्या वशिंडवाल्या गुरांचेही मातृडीएनए बिनवशिंडी वंशाचे निघाले. वशिंड तेथे गेले ते वळूंबरोबर! म्हणून ही पोथी आईकडची हकीकत सांगते, बापाकडची नाही, हे विसरू नये.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करावा. एकच उतारा दोन रांगांत द्यावा. प्रत्येक मुलाने पुढच्याची प्रत पाहून भरभर उतरवावा. शेवटच्या दोन प्रतींतले भेद मोजावेत. मग एका रांगेला सावकाश लिहू द्यावे आणि पुन्हा मोजावेत. भेद मोजण्याआधी लिहिणाऱ्याचा वेग विचारायचा असतो, हे मुलांना न सांगता कळेल.

आणि डांगी, देवणी, खिल्लार या जातींकडे पाहताना आपणही एवढे ध्यानात ठेवावे, की हा लाखो वर्षांचा वेगळा वारसा आहे. तो गोठ्यातून एकदा गेला, तर परदेशातून विकत आणता येणार नाही.